चाकवाला कंट्रोलर

दोन हजार सातचा उन्हाळा. सातपूरच्या अशोकनगरात, रंगनाथच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक मशीन उभं होतं आणि ते काही केल्या चालू होत नव्हतं. मोडलं होतं म्हणावं तर तसंही नाही. उलट एवढं देखणं मशीन अख्ख्या एमआयडीसीत शोधून सापडलं नसतं. जेवणाच्या टेबलाएवढं बूड, त्यावर सरकणारा पूल, पुलावर वर-खाली होणारा लाकूड कोरायचा स्पिंडल आणि तीन बाजूंना तीन मोटारी. कंपनीच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाने भंगारातून एकेक वस्तू पारखून आणली होती, घासली होती, बसवली होती. आता उणीव राहिली होती ती एकाच गोष्टीची, कंट्रोलरची. म्हणजे या तीन मोटारींना ‘तू इतकी फिर, तू तितकी फिर, आणि दोघी एकदम फिरा म्हणजे गोल होईल’ असं सांगणाऱ्या डोक्याची. तेवढं बसवलं की झालं, आणि नेमकं तेवढंच बसत नव्हतं.

बसत नव्हतं म्हणजे रंगनाथ बसवूच देत नव्हता. वर्ष होत आलं, माणूस नुसता कंट्रोलर निवडत होता. अहो, पोरीला स्थळं बघताना एवढ्या खोड्या काढल्या नव्हत्या बापाने! ती पोरगी, रूपाली, लग्न होऊन गंगापूर रोडला राहायची आणि कॉलेज रोडवरच्या एका क्लासात कंप्युटर शिकवायची. बापासाठी, तिच्या नानांसाठी, ती इंटरनेटवरून कागदांचे गठ्ठे काढून आणायची. जुना कंप्युटर घ्या, मागे एक कार्ड जोडा, मोटारी त्यावर चालवा, हे तिचं म्हणणं. त्यावर रंगनाथ म्हणायचा, लाकडाच्या भुशात कंप्युटर चार दिवस टिकायचा नाही. पुण्याची काही पोरं स्वतःच सर्किट बनवून विकत होती, ते दाखवलं तर म्हणाला, उद्या पोरं नोकरीला लागली की बिघाड कुणाच्या दारात न्यायचा? तिसरा होता अंबडच्या एका दुकानातला, छोट्या डब्यासारखा, कंप्युटरबिंप्युटर काही न लागणारा, आणि त्याला वायरीने लोंबणारं एक हातात धरायचं चाक. तो कागद रंगनाथ सगळ्यात जास्त वेळ बघायचा आणि सगळ्यात घाईने बाजूला ठेवायचा. का, ते विचारलं की म्हणायचा, बघू.

हे सगळं त्याची बायको लंकाबाई बघत होती आणि मूग गिळून गप्प होती. मशीनमधलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. भाऊ पहाटे टोपल्या पाठवायचा आणि ती सातपूरच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी हार-गजरे करत बसायची. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. मशीनचं राहू द्या, पण नवऱ्यातलं तिला सगळं कळायचं.

रंगनाथचा उजवा हात थरथरायचा. हे आजकालचं नव्हे, चार-पाच वर्षांचं. अंगठा आणि शेजारचं बोट सारखं एकमेकांवर घासायचं, चिमटीत कणकेची गोळी धरून वळत असल्यासारखं, आणि मग मनगटही त्या तालात हलायला लागायचं. डॉक्टरने कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, घाबरू नका म्हणाला. रंगनाथ घाबरला नव्हताच, त्याला लाज वाटली होती. ज्याच्या हातचा जॉब तपासणीवाले न मोजता पुढे सोडायचे, त्याचा हात हलतो म्हणजे काय? त्याने कंबरदुखीचं निमित्त काढलं आणि वेळेआधी निवृत्ती घेतली. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला समोर बसवलं, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि यातलं कुणापाशी काही बोलणार नाहीस अशी शपथ घ्यायला लावली. रूपालीलासुद्धा पुढे कधीतरी कळलं, तेही तिच्या डोळ्यांदेखत कपातला चहा बशीत, बशीतला लुंगीवर असं झालं तेव्हा.

तेव्हापासून माणूस मोठा देवभक्त झाला. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, उपास काही सुटेना. कुणाच्या घरी गेलं आणि पानं मांडली की याचा उपास निघायचा. शेजारच्या कुसाबाईला त्याचं फार कौतुक. आपल्या नवऱ्याला ती ऐकवायची, बघा जरा, रंगनाथभाऊंकडून शिका काही. लंकाबाई हसून मान डोलवायची आणि घरी येऊन नवऱ्याला पोळी-भाजी कुस्करून वाढायची. चमच्याने खाताना तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. बायकोसमोरसुद्धा.

मशीन मात्र त्याने ह्याच हाताने उभं केलं होतं. शेडचं दार आतून लावून, एकटा असताना. दुसरा जो स्क्रू घटकेत बसवील त्याला याची सकाळ जायची, पण बघणारं कोणी नसलं की याला कसली घाई नव्हती. त्या दिवसांत तो जेवायलाही शीळ घालत यायचा. म्हणूनच लंकाबाईला प्रश्न पडला होता, की एवढं सगळं केलं आणि शेवटच्या पायरीवर ह्या माणसाला झालं काय?

उत्तर मिळालं ते बाजारात. टूलरूममधले दोघे जुने सोबती हार घ्यायला आले आणि नेमका रंगनाथ तिथेच उभा, डावीकडे पिशवी, उजवा हात खिशात. ‘काय रंगनाथराव, मशीन कुठवर आलं? झालं की सगळी गँग बघायला येणार बरं का, तुमच्या हाताने चालवून दाखवायचं,’ असं त्यातला एक म्हणाला. रंगनाथ म्हणाला, कंट्रोलरपाशी अडलंय. आणि ते सांगताना त्याच्या तोंडावर जो सुटकेचा भाव आला, तो बघून लंकाबाईच्या हातातली सुई थांबली.

अस्सं होय. म्हणजे निवडायला वेळ लागत नव्हता, त्याला निवडायचंच नव्हतं. कंट्रोलर ठरत नाही तोवर तो मशीन बांधणारा माणूस होता. ठरला की मशीन चालू करावं लागणार, चार माणसं जमणार आणि चौघांदेखत तो हात हलणारा माणूस होणार. त्यापेक्षा अडलेलं बरं. तिला आधी राग आला, मग एवढी दया आली की गिऱ्हाइकाला जास्तीचा गजरा बांधून दिला.

पण अडलेलंही बरं नव्हतं. संक्रांतीपासून त्याने शेडमध्ये जाणं सोडलं होतं. मशीनवर जुनी चादर टाकली होती. सकाळी टीव्हीसमोर बसायचा, दुपारी पडायचा तो भिंतीकडे वळून, दिवेलागणीला उठवावं तेव्हा उठायचा. शीळ तर कधीच बंद झाली होती. हा माणूस असाच भिंतीकडे तोंड करून संपून जाणार, ही भीती लंकाबाईच्या पोटात जी बसली ती हलेना. हात हलतो त्याचं तिला काही नव्हतं. हलू दे की. माणूस हलायचा थांबला होता, त्याचं काय करायचं?

तिने रूपालीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, मला अंबडला घेऊन चल, तो कंट्रोलर काय असतो तो मला बघायचाय. रूपालीला हसूच आलं. मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आई, कंप्युटरवालाच बरा. चित्र टाकायचं, माऊसने क्लिक करायचं, मशीन आपलं आपण कोरतं. नानांना काहीच करावं लागणार नाही.

“काहीच करावं लागणार नाही, तर मग ह्यांनी करायचं काय?” लंकाबाई म्हणाली. “गाडी काढ.”

अंबडचं ते दुकान म्हणजे एका गाळ्यात खाली गोदाम आणि वर काचेची खोली. खोलीत एका टेबलावर छोटंसं मशीन मांडलेलं, त्याला कोरायच्या हत्याराच्या जागी पेन लावलेलं. दाखवायला मंजुषा नावाची इंजिनिअर होती, तिशीच्या आतली, केसांना रबरबँड, कानामागे पेन्सिल. मुलगी मोठी गोड बोलायची. तिने पाणी दिलं, बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, मशीन कोण चालवणार आहे? कारण चालवणारा कोण, त्यावर कंट्रोलर ठरतो.

रूपालीने ‘आमचे नाना, त्यांना जरा’ एवढं म्हटलं आणि टेबलाखालून तिच्या पावलावर लंकाबाईची टाच पडली. सातपूर आणि अंबड म्हणजे काही लांब नव्हतं. इकडचा फोरमन तिकडे, तिकडचा वेल्डर इकडे. गोदामात वायरी गुंडाळत बसलेल्यांपैकी एखादा रंगनाथला ओळखणारा निघाला तर संध्याकाळच्या आत सगळ्या शेडांत बातमी पोचली असती. आणि डोक्यावर ठेवलेल्या हाताची शपथ होतीच.

“मी चालवणार,” लंकाबाई म्हणाली. “माझा हात हलतो. कंपवात हाय मला. तर हलत्या हाताला कोणता चालंल, ते दाखव.”

रूपालीने आईकडे असं बघितलं की बघायलाच नको. मंजुषाने मात्र भुवईसुद्धा वर केली नाही. कधीपासून आहे, कोणता हात, एवढंच तिने विचारलं, आणि आधी कंप्युटरसमोर खुर्ची सरकवली. लंकाबाईने माऊसवर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि हात हलवायला लागली.

आता कुणी म्हणेल सोंग. पण सोंग करायला आधी आठवावं लागतं आणि तिला आठवावं लागलं नाही. ज्या हातात रोज चमचा देतो, ज्याची बटणं लावतो, शेजारी निजलं की जो आपल्या हातात धरून झोपतो, त्या हाताचा ताल तिच्या अंगात मुरला होता. अंगठा आणि बोट, बोट आणि अंगठा, मग मनगट, मध्येच किंचित थांबून पुन्हा. रूपालीने तो हात बघितला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

माऊसवर जे झालं ते हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. बाण पडद्यावर सैरावैरा. एकदा दाबायचं तिथं तीनदा दाबलं जाई. भलत्याच खिडक्या उघडल्या, चित्र गायब झालं, आणि शेवटी कंप्युटर विचारायला लागला की सगळं पुसून टाकायचं का. रोज माऊस शिकवणारी रूपाली मागे उभी राहून बघत होती. सगळ्यात सोपा म्हणून जो बापाच्या गळ्यात मारायचा होता, तो त्याच्या हाताला सगळ्यात अवघड होता. ती हळूच म्हणाली, आई, हा नको.

मग मंजुषाने तो डबा काढला. वायरीने लोंबणारं चाक लंकाबाईच्या हातात दिलं. त्याचा प्रत्येक टप्पा बोटाला कट्कट् लागत होता. मंजुषाने आधी नुसतं चाक चालवायला दिलं, मोठ्या टप्प्यावर, म्हणजे एका कटीला पेन लांब सरकेल असं. पेन कागदावर पुढे गेलं, पण रेघ अशी उमटली, जणू कोणी चालत्या एसटीत बसून काढली असावी. बारीक टप्प्यावर थोडी सुधारली, तरी कड थरथरतच होती. लंकाबाई हिरमुसली. हेच रंगनाथने त्या कागदावरून ओळखलं असणार. चाक त्याला हवं होतं आणि चाकावर आपला हात दिसेल ह्याची धास्ती होती.

“थांबा काकू, अजून एक आहे,” मंजुषा म्हणाली. तिने डब्यावरची दोन-तीन बटणं दाबून एक कमळ निवडलं आणि समजावून सांगितलं, की आता रेघ मशीनला माहीत आहे. तुम्ही चाक पुढे फिरवलं की पेन त्या रेघेवरून पुढे जाणार, मागे फिरवलं तर त्याच रेघेवरून मागे येणार, थांबलात की थांबणार. जोरात, सावकाश, सगळं तुमच्या हातात. फक्त रेघ सोडून ते बाहेर पडणार नाही.

लंकाबाईने पुन्हा हात हलवला. आणि चाक फिरवताना नकळत तिने आणखी एक गोष्ट केली. आधी थोडं मागे घेतलं आणि मग पुढे नेलं. रंगनाथ काहीही फिरवताना असंच करायचा. जुन्या मशीनच्या चाकांत ढिलेपणा असतो, तो मागे घेऊन काढावा लागतो, म्हणून लागलेली उभ्या नोकरीची खोड. रेडिओचं बटण, गॅसची चावी, सगळं तो आधी मागे आणि मग पुढे फिरवायचा. मंजुषा हसून म्हणाली की काकू, तुम्ही तर लेथवरच्या जुन्या टर्नरसारखं फिरवता. लंकाबाईने ऐकलंच नाही. ती पेनाकडे बघत होती. पेन दोन पावलं पुढे, एक मागे, थबकत, अडखळत चाललं होतं, पण पाकळीमागून पाकळी येत होती. कमळ पुरं झालं. परत परत गेलेल्या जागी शाई जरा गडद दिसत होती, बाकी रेघ एकदम नितळ.

तिला रडू आलं. मंजुषाला वाटलं आपला हात चालला म्हणून काकूंना भरून आलंय, तर तिने पाठीवर हात ठेवला. घ्यायच्या आधी तुमच्या मशीनला जोडून बघू, शनिवारी मीच डबा घेऊन येते, म्हणाली.

घरी लंकाबाईने एवढंच सांगितलं, की शनिवारी अंबडची मुलगी मशीन बघायला येतेय. रंगनाथने कशाला म्हणून विचारलं, तिने उगाच म्हणून सांगितलं, तो वळून झोपला. तिचा बेत साधा होता. कोपऱ्यावर मंजुषाला गाठायचं आणि घरी आणायच्या आधी खरं काय ते कानात सांगायचं, शपथेचं देवाशी बघून घेऊ. पण शनिवारी भावाचा टेम्पो उशिरा आला, लग्नाचे हार होते, ती धावत घरी पोचली तोवर दाराशी स्कूटी उभी होती.

शेडमध्ये चादर खाली पडली होती. मंजुषा मशीनखाली बसून मोटारींच्या वायरी डब्याला जोडत होती आणि तोंडाने तिची बडबड चालू होती. ह्या पट्ट्या हाताने घासल्यात का काका, एवढी सपाट? हा स्क्रू कुठून मिळवलात? आमच्या अंबडच्या मशीनला इतकं सुबक काम नाही हो. रंगनाथ लांब, दाराशी उभा. उजवा हात खिशात. हो-नाहीपलीकडे बोलत नव्हता, पण वायर कुठून गेली पाहिजे ते मानेने दाखवत होता. कितीतरी दिवसांनी तो शेडमध्ये उभा होता. लंकाबाईला वाटलं, हे मोडू नये.

आणि तेवढ्यात मंजुषा उठली. “आलात काकू? बरं झालं. बसा चाकावर. तुमच्याच हाताने बघू.” मग रंगनाथकडे वळून अगदी निरागसपणे म्हणाली, “काका, काकूंच्या हाताचा कंप लक्षात घेऊनच मी हा सुचवलाय. तुम्ही काळजी करू नका, त्यांना आरामात जमेल.”

रंगनाथने बायकोकडे बघितलं. तिला कंप? दहा बोटांनी अजून झेंडूच्या टोपल्या दुपारच्या आत संपवणारी ही?

खरं सांगावं, तर परक्या मुलीसमोर नवऱ्याची झाकलेली मूठ उघडी पडणार, आणि तीही त्याच्या तोंडावर. खोटंच पुढे रेटावं, तर त्याच्याच डोळ्यांसमोर त्याच्याच हाताची नक्कल करायची. कोणता नवरा सहन करील? तो म्हणेल, माझी चेष्टा करत फिरतेस गावभर. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा मशीनकडे. मग पदर खोचला आणि स्टुलावर बसली. चेष्टा वाटली तर वाटू दे, आपल्याला शिव्या देईल, पण त्याचं नाव निघणार नाही, असं तिने ठरवलं.

मंजुषाने स्पिंडलखाली सागाची फळी बांधून ठेवली होती आणि डब्यावर तेच कमळ निवडलं होतं. स्पिंडल गुणगुणायला लागला. लंकाबाईने चाक धरलं आणि हात हलवायला लागली. अंगठा आणि बोट, बोट आणि अंगठा, मग मनगट. आधी थोडं मागे, मग पुढे. भुसा उडाला, फळीवर पहिली पाकळी वळायला लागली. तिने मान वर केली नाही. रंगनाथ बघतोय हे तिला पाठीवर कळत होतं.

रंगनाथ बघत होता. आधी त्याला खरंच वाटलं की हिलाही लागलं आणि हिने आपल्यापासून लपवलं. तिने नंतर त्याच्या तोंडून ऐकलं ते. मग त्याने तो ताल ओळखला. मध्येच थांबून पुन्हा हलणारं मनगट ओळखलं. चाक मागे घ्यायची खोड ओळखली, आणि ती खोड लंकाबाईची नव्हती, उभ्या जन्मात तिने मशीनचं चाक हातात धरलं नव्हतं. बायकोने आपला हात आपल्या अंगावर घेतला होता, जगासमोर, आपलं नाव मध्ये न येऊ देता, आणि आत्ता आपल्यासमोरसुद्धा तो खाली ठेवायला तयार नव्हती. हे त्याला कळायला एक पाकळी पुरी व्हावी लागली.

तो दारातून आत आला. तिच्या शेजारी येऊन थांबला. लंकाबाईने शिवी ऐकायची तयारी ठेवली.

“ऊठ,” तो म्हणाला.

ती उठली. चाक तिच्या हातातून त्याने डाव्या हाताने घेतलं. मग उजवा हात खिशातून काढला आणि लपवायची काही एक घाई न करता मंजुषासमोर धरला. हात हलत होता. दारातून आलेल्या उन्हात, भरदिवसा, परक्या माणसासमोर हलत होता.

“पोरी,” तो म्हणाला, “तिचा हात ठणठणीत हाय. हलतो तो माझा.”

मंजुषाने एकदा त्याच्याकडे, एकदा लंकाबाईकडे बघितलं. मग स्टूल त्याच्या बाजूला सरकवलं. भली मुलगी होती. तिने हाताकडे टक लावून बघितलं नाही, फळीकडे बघत राहिली.

रंगनाथ बसला. चाक उजव्या हातात घेतलं, थोडं मागे नेलं आणि पुढे फिरवलं. हत्यार अडखळलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. तिने अर्ध्यावर सोडलेली पाकळी पुढे वळायला लागली. कुठं तिचं सोंग संपलं आणि कुठं त्याचा हात लागला, ते फळीवर कुणालाही सांगता आलं नसतं.

मागे भिंतीला टेकून लंकाबाई उभी होती आणि तिचा हात अजून हलत होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरला, पदरात दाबला, तरी थांबेना. कंप भीतीचा होता की सुखाचा, तिलाही कळत नव्हतं. रंगनाथने हत्यारावरची नजर काढली नाही. पण त्याला ते कसं कुणास ठाऊक दिसलं असावं.

“लंका,” तो म्हणाला, “पुरे आता. आता मी करतो.”